टोमॅटोची फळधारणा होत नाही? परागकणांचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी कसा घ्यावा, कसा तयार होतो

उन्हाळी टोमॅटोत झाड हिरवेगार असते, फुलेही भरपूर लागतात. मात्र सेटिंग होत नाही. फुले देठापासून गळतात किंवा फळे बारीक व पोकळ राहतात. अशा वेळी बियाणे, खत, फवारणी, हवामान या सगळ्यांवर संशय जातो. परागकणांची तपासणी केल्यास खरे कारण शोधणे सोपे जाते. अलीकडे काही शेतकरी, बीजोत्पादक व कृषी विस्तार कर्मचारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली परागकण तपासून घेण्याबाबत विचारणा करतात. ही तपासणी नेमके काय सांगते, काय सांगत नाही, शेतातून नमुना कसा घ्यावा आणि प्रयोगशाळेत त्यावर कोणती प्रक्रिया होते, याची माहिती या लेखात घेऊ.

परागकणाची रचना

टोमॅटोच्या फुलात पिवळ्या पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांची एक नळी दिसते. परागकोश एकमेकांना चिकटून ही नळी तयार होते. परागकण या नळीच्या आतल्या बाजूने सुटतात. फूल हलले की ते खाली झडतात आणि नळीतील कुक्षीवर पडतात. म्हणूनच टोमॅटो हे स्वपरागीभवन होणारे पीक असले, तरी फुलाला हादरा बसणे गरजेचे असते. हे काम वारा करतो. तसेच भोंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी यांसारख्या पंखांचे स्नायू थरथरवून पराग झाडणाऱ्या माश्या करतात. मधमाशीला अशी थरथर करता येत नाही, त्यामुळे टोमॅटोत तिचा उपयोग मर्यादित असतो.

परागकण डोळ्यांना पिवळसर भुकटीसारखे दिसतात. टोमॅटोचा एक कण सुमारे २० ते २५ मायक्रॉनचा असतो. एका मिलिमीटरमध्ये १००० मायक्रॉन असतात, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर असे ४० ते ५० कण शेजारी शेजारी बसतील. मक्याचा कण यापेक्षा बराच मोठा, सुमारे ८० ते १०० मायक्रॉनचा असतो. भोपळ्याचा कण त्याहूनही मोठा व काटेरी असतो.

प्रत्येक कणाला दोन भिंती असतात. आतली भिंत सेल्युलोज व पेक्टिनची, मऊ असते. बाहेरची भिंत स्पोरोपोलेनिन या अत्यंत टिकाऊ पदार्थाची असते. हे कवच इतके चिवट असते की गाळात दबलेले परागकण लाखो वर्षांनीही ओळखता येतात. कवचावर खाचा व छिद्रे असतात. टोमॅटोच्या कणावर अशा तीन खाचा असतात. कण कुक्षीवर ओलावा शोषून फुगतो आणि त्यापैकी एका खाचेतून परागनलिका बाहेर पडते. ती बीजांडापर्यंत पोहोचली तरच बी धरते आणि बी धरले तरच फळ पोसते.

आधी साध्या सूक्ष्मदर्शकाच्या दोन चाचण्या

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे जाण्यापूर्वी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन चाचण्या करून घ्याव्यात. कृषी विज्ञान केंद्र, कृषी महाविद्यालय किंवा जवळच्या विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात त्या होऊ शकतात. त्यांना खर्च कमी येतो आणि निकाल त्याच दिवशी मिळतो.

१) रंग चाचणी : काचपट्टीवर ताजे परागकण घेऊन १ ते २ टक्के ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकावा. पाच ते दहा मिनिटांनी पाहावे. भरलेले कण लालसर, गोल दिसतात. पोकळ कण फिके व सुरकुतलेले राहतात. याच कामासाठी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील एम. पी. अलेक्झांडर यांनी १९६९ मध्ये एक मिश्र रंगद्रव्य मांडले. त्यात भरलेल्या कणाचा आतला भाग जांभळट लाल आणि पोकळ कणाचे कवच हिरवे दिसते. जगभर ही चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रंग चाचणीची मर्यादा लक्षात ठेवावी. नुकताच मेलेला, मात्र आतून भरलेला कणही रंग घेतो. त्यामुळे रंग घेतलेल्या कणांचे प्रमाण प्रत्यक्ष जिवंत कणांपेक्षा जास्त येते.

२) रुजवण चाचणी : ब्रुबेकर व क्वॅक यांचे १९६३ चे द्रावण यासाठी वापरतात. १०० मिलि शुद्ध पाण्यात साखर (सुक्रोज) १० ग्रॅम, बोरिक ॲसिड १० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २० मिलिग्रॅम आणि पोटॅशियम नायट्रेट १० मिलिग्रॅम मिसळावे. काचपट्टीवर या द्रावणाच्या थेंबात कण पसरावेत. काचपट्टी ओलसर टिपकागद ठेवलेल्या झाकणबंद बशीत सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाला दोन ते चार तास ठेवावी. ज्या कणाची नलिका त्याच्या स्वतःच्या व्यासापेक्षा लांब झाली, तो रुजला असे धरावे. वेगवेगळ्या ठिकाणचे मिळून किमान २०० कण मोजावेत.

दोन्ही चाचण्या त्रासलेल्या प्लॉटच्या आणि चांगल्या प्लॉटच्या नमुन्यावर एकाच दिवशी, एकाच द्रावणात कराव्यात. एकट्या प्लॉटच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. दोन्हींतील फरक महत्त्वाचा असतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक काय दाखवतो?

साध्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश वापरतात, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात इलेक्ट्रॉनांचा झोत. जर्मनीत एर्न्स्ट रुस्का व मॅक्स नॉल यांनी १९३१ मध्ये असा पहिला सूक्ष्मदर्शक बनवला. परागकणांसाठी याचे दोन प्रकार उपयोगी पडतात.

• स्कॅनिंग (सेम) : कणाचा बाहेरचा पृष्ठभाग उठावदार दाखवतो. आकार, खाचा, छिद्रे, काटे, जाळीदार नक्षी व भिंतीवरील विकृती स्पष्ट दिसतात.

• पारगामी (टेम) : कणाचा अतिशय पातळ काप घेऊन आतली रचना दाखवतो. भिंतीचे थर, आतील पेशीद्रव्य व स्टार्चचे कण यात दिसतात.

शेतकऱ्यांच्या कामाच्या बहुतेक प्रश्नांसाठी 'सेम' पुरेसा असतो. मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. 'सेम' कणाचे कवच दाखवतो. कण जिवंत आहे की मेलेला, हे तो सांगत नाही. नमुना कोरडा करून, त्यावर धातूचा थर देऊन, निर्वात कप्प्यात तपासला जातो. तिथपर्यंत कोणताही कण जिवंत राहत नाही. त्यामुळे "सेमचा फोटो चांगला आला, म्हणजे पराग चांगला" असा निष्कर्ष काढू नये.

'सेम' तपासणी पुढील वेळी उपयोगी ठरते :

• रंग चाचणीत बरेच कण पोकळ किंवा वेडेवाकडे आढळले आणि विकृतीचा प्रकार ओळखायचा असेल.
• संकरित बीजोत्पादनात नर वाणाच्या परागात सतत दोष येत असेल.
• दोन वाणांच्या किंवा जंगली व लागवडीखालील जातींच्या परागांची तुलना करायची असेल.
• परागात बुरशीचे बीजाणू किंवा फवारणीच्या भुकटीचे कण मिसळल्याची शंका असेल.

नमुना कधी आणि कोणत्या फुलातून घ्यावा?

फूल त्याच दिवशी उमललेले, पाकळ्या गडद पिवळ्या आणि मागे वळलेल्या असाव्यात. फिकट पडलेल्या, कोमेजलेल्या किंवा गळून खाली पडलेल्या फुलातून नमुना घेऊ नये. सकाळी दव पूर्ण सुकल्यावर, साधारण ८ ते १० च्या दरम्यान नमुना घ्यावा. दवाने ओले झालेले कण फुगतात, काही फुटतात आणि एकमेकांना चिकटतात. दुपारच्या उन्हात बराचसा पराग झडून गेलेला असतो.

फवारणीनंतर लगेच नमुना घेऊ नये. पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीचे आणि गंधकाचे कण परागकणांवर बसतात आणि मोठ्या चित्रात ते विकृतीसारखे दिसतात. फवारणी झाल्यावर उमललेली फुले निवडावीत आणि शेवटच्या फवारणीची तारीख व औषधाचे नाव नोंदवावे. पाऊस पडला असेल तर एक कोरडा दिवस जाऊ द्यावा.

एकाच झाडाची फुले घेणे टाळावे. प्लॉटमध्ये नागमोडी फिरून किमान दहा झाडे निवडावीत आणि प्रत्येकावरून दोन-तीन फुले घ्यावीत. बांधाजवळची झाडे सोडावीत. त्रासलेल्या प्लॉटचा एक व त्याच वयाच्या, शक्यतो त्याच वाणाच्या चांगल्या प्लॉटचा एक, असे दोन स्वतंत्र नमुने घ्यावेत. दोन्ही एकाच सकाळी आणि एकाच पद्धतीने घ्यावेत.

पराग गोळा करण्याची पद्धत

१) हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. तंबाखू, औषध किंवा खताचा हात नमुन्याला लावू नये.

२) फुलाच्या नळीचे टोक स्वच्छ, कोरड्या, छोट्या काचेच्या बाटलीत किंवा बटर पेपरच्या घडीत धरावे.

३) फुलाच्या देठाला बॅटरीवर चालणाऱ्या टूथब्रशचा मागचा भाग दोन-तीन सेकंद टेकवावा. थरथरीने पराग खाली झडतो. टूथब्रश नसेल तर देठावर टिचकी मारावी.

४) पराग झडत नसेल तर पुंकेसरांची नळी चिमट्याने काढून बटर पेपरवर सावलीत एक रात्र सुकवावी आणि सकाळी हलके झटकावी. जालना व बुलडाणा भागातील संकरित भाजीपाला बीजोत्पादकांना नराचा पराग सुकवण्याची ही पद्धत सवयीची आहे. नमुना उन्हात किंवा ३० अंशांपेक्षा जास्त तापमानात सुकवू नये.

५) वेगळ्या प्लॉटचा नमुना घेण्यापूर्वी चिमटा व टूथब्रश स्पिरिटने पुसून कोरडा करावा. मागच्या प्लॉटचे कण पुढच्या नमुन्यात मिसळले, तर सगळी तुलना व्यर्थ जाते.

चिमूटभर परागही पुरेसा असतो. 'सेम'साठी लागणारा पराग सुईच्या टोकावर मावेल इतकाच असतो. मात्र चाचणी पुन्हा करता यावी म्हणून थोडा जास्त द्यावा.

पॅकिंग आणि नोंदी

सर्वाधिक नमुने पॅकिंगमध्ये खराब होतात. ताजी फुले प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पाठवली की आत घाम सुटतो, एक-दोन दिवसांत बुरशी येते आणि प्रयोगशाळेत परागाऐवजी बुरशीचे धागे दिसतात. कोरडा पराग थेट प्लॅस्टिकमध्ये टाकला तर तो स्थिर विजेमुळे पिशवीला चिकटून बसतो.

• पराग आधी बटर पेपरच्या पुडीत घ्यावा. पुडीच्या कडा दोनदा दुमडाव्यात.
• पुडी कागदी पाकिटात आणि पाकीट झिपच्या पिशवीत ठेवावे. पिशवीत निळ्या सिलिका जेलची पुडी टाकावी. सिलिका गुलाबी झाली असेल तर बदलावी.
• 'सेम'साठीचा कोरडा नमुना खोलीच्या तापमानाला, सावलीत ठेवावा. रुजवण चाचणीचा नमुना वेगळा ठेवून बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोहोचवावा. बर्फाचे पाणी पुडीला लागू देऊ नये.
• पाकिटावर पेन्सिलने लिहावे. पेनची शाई अल्कोहोल लागताच पुसली जाते.

प्रत्येक पाकिटासोबत पुढील नोंदी द्याव्यात : गाव व तालुका, पीक व वाण, बियाण्याचा लॉट क्रमांक, लागवडीची तारीख, कितवा फुलोरा, नमुन्याची तारीख व वेळ, मागील पंधरा दिवसांतील रोजचे कमाल व किमान तापमान, शेवटच्या दोन फवारण्या, पाण्याच्या पाळीत पडलेला खंड. तापमानाची नोंद फार महत्त्वाची आहे, त्याचे कारण पुढे दिले आहे.

कळ्यांची तपासणी करायची असल्यास त्या कोरड्या पाठवू नयेत. ७० टक्के अल्कोहोल ९० मिलि, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ५ मिलि व फॉर्मॅलिन ५ मिलि यांच्या मिश्रणात त्या टिकवतात. हे मिश्रण प्रयोगशाळेकडूनच भरलेल्या बाटलीत घ्यावे, घरी बनवू नये. फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे व घसा जळतो.

प्रयोगशाळेत 'सेम'साठी नमुना कसा तयार होतो?

१) निवड : पुडीतील भुकटी भिंगाखाली पाहून पाकळ्यांचे तुकडे, केस, माती बाजूला काढतात.

२) वाळवणे : इलेक्ट्रॉनांचा झोत हवेत टिकत नाही, म्हणून कप्पा निर्वात असतो. ओला नमुना तिथे आकसतो आणि यंत्राचा आतला भागही खराब करतो. टोमॅटोसारख्या टणक कवचाच्या परागाला सिलिकाच्या भांड्यात वाळवणे सहसा पुरते.

३) फुगलेला आकार टिकवायचा असेल तर : कण कोरडा होताना खाचांच्या जागी आत दुमडतो. ही त्याची नैसर्गिक सोय आहे. आतला ओलावा उडून जाऊ नये म्हणून तो स्वतःला मिटून घेतो. कुक्षीवरचा फुगलेला आकार पाहायचा असेल तर कण ओले करून २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये, सुमारे ७.२ ते ७.४ सामूच्या द्रावणात स्थिर करतात. नंतर ३०, ५०, ७०, ९० व १०० टक्के अल्कोहोलमधून क्रमाने नेतात. पाणी एकदम काढले तर कण चेपतो, म्हणून हे टप्पे असतात. शेवटी क्रिटिकल पॉइंट ड्रायर या यंत्रात अल्कोहोलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरतात. ३१ अंश सेल्सिअस व सुमारे ७३ वातावरण दाबाच्या पुढे द्रव आणि वायू यांतील भेद उरत नाही. त्यामुळे पृष्ठताणाचा ओढा न बसता कण कोरडा होतो आणि आकार टिकतो.

४) स्टबवर बसवणे : स्टब म्हणजे ॲल्युमिनियमची छोटी गोल बैठक. तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकट असलेली कार्बन टेप लावतात आणि पराग अगदी विरळ भुरभुरतात. न चिकटलेले कण कोरड्या हवेच्या फुंकरीने उडवतात. जाड थर झाला तर खालच्या कणांपर्यंत विजेचा मार्ग पोहोचत नाही.

५) धातूचा लेप : परागकणातून वीज वाहत नाही. झोत पडला की त्यावर विद्युतभार साचतो आणि चित्रात पांढरे पट्टे येतात. म्हणून स्पटर कोटर यंत्रात सोन्याचा किंवा सोने-पॅलॅडियमचा सुमारे १० ते २० नॅनोमीटर जाडीचा लेप देतात. एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. लेप जास्त जाड झाला तर कवचावरची बारीक नक्षी बुजते.

६) चित्रण : साधारण ५ ते १५ किलोव्होल्टवर पाहतात. सुमारे ५०० पटीवर अनेक कण एकत्र दिसतात, ते मोजणीसाठी. २००० ते ३००० पटीवर एक पूर्ण कण आणि १०,००० पटीवर पृष्ठभागाची नक्षी पाहतात. मोजमापासाठी किमान २० ते ३० कण घ्यावेत.

काही पिकांच्या परागावर चिकट तेलकट आवरण असते. त्यामुळे नक्षी झाकली जाते. ते काढण्यासाठी ॲसिटोलिसिस ही पद्धत वापरतात. स्वीडनचे गुन्नार एर्ड्टमन यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत ॲसेटिक ॲनहायड्राइड ९ भाग व तीव्र सल्फ्युरिक आम्ल १ भाग यांच्या गरम मिश्रणात पराग टाकतात. बाहेरचे कवच सोडून सगळे विरघळते. जात ओळखण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. पोकळ कण शोधायचे असतील तर मात्र ती वापरू नये, कारण आतला भाग सगळ्याच कणांचा निघून जातो. हे मिश्रण पाण्याशी जोरदार प्रतिक्रिया देते, म्हणून धुराड्याच्या कपाटात, प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे.

'टेम'साठीची तयारी याहून लांबलचक आहे. ग्लुटाराल्डिहाइडनंतर १ टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइड, अल्कोहोलचे टप्पे, मग राळेत नमुना घट्ट करणे आणि ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचे काप घेणे, असे काम अनेक दिवस चालते. ऑस्मियमची वाफ डोळ्यांना अतिशय घातक असते. संशोधनाचा प्रश्न असेल तरच 'टेम'चा विचार करावा.

चित्र वाचताना होणाऱ्या गफलती

• खाचांच्या जागी नीट, सारखा दुमडलेला कण : कोरड्या नमुन्यात हे नैसर्गिक आहे. याला वांझ कण म्हणू नये.
• सगळीकडून चेपलेला, पापडासारखा कण : आतून पोकळ असल्याची शक्यता. चांगल्या प्लॉटच्या नमुन्यात असे कण किती आहेत, ते आधी पाहावे. दोन्हींत सारखेच असतील तर दोष वाळवण्यात आहे.
• फुटलेले कण : नमुना ओला झाला होता किंवा दवात घेतला होता.
• पृष्ठभागावर टोकदार स्फटिक : फवारणीचा अंश किंवा द्रावणातील क्षार. धुण्यात कमतरता राहिली तरी असे दिसते.
• गुळगुळीत, खाचा नसलेले लहान गोळे किंवा धागे : बहुधा बुरशी.
• पांढरे पट्टे, सरकलेले चित्र : लेप अपुरा.

अहवालात चार सुंदर फोटो असणे पुरेसे नाही. किती कण मोजले, त्यांपैकी किती चांगले व किती विकृत, दोन्ही प्लॉटचा आकडा काय, हे लिहून घ्यावे. सुंदर कण निवडून फोटो काढणे सोपे असते. निर्णय मोजणीवर घ्यावा.

निष्कर्षावरून शेतात काय करावे?

पराग पोकळ असल्यास : उष्णतेची शक्यता आधी तपासावी. टोमॅटोत दिवसाचे तापमान साधारण ३२ अंशांच्या आणि रात्रीचे २१ ते २४ अंशांच्या वर सलग राहिले की फळधारणा घटू लागते. सर्वांत नाजूक काळ फूल उमलण्याच्या एक ते दोन आठवडे आधीचा, म्हणजे कळीत पराग तयार होण्याचा असतो. आज गळणाऱ्या फुलाचे कारण आजच्या हवेत शोधू नये, मागील पंधरवड्याच्या नोंदीत शोधावे. त्या पराग पोकळ झालेल्या फुलांवर टॉनिक फवारून पराग भरत नाही. तो खर्च वाचवावा. पुढच्या फुलोऱ्यासाठी पाण्याच्या पाळ्या नियमित ठेवाव्यात, आच्छादन करावे, शक्य तिथे शेडनेटची सोय करावी. पुढील हंगामात उष्णता सहन करणारा वाण निवडावा आणि फुलोरा कडक उन्हाळ्यात येणार नाही अशी लागवडीची तारीख धरावी.

पराग चांगला, तरी सेटिंग नाही : अडचण पराग कुक्षीवर पोहोचण्यात आहे. फूल उलगडून पाहावे. उष्णतेत कुक्षी नळीबाहेर डोकावते आणि आतला पराग तिच्यावर पडत नाही. हे साध्या डोळ्यांनी किंवा भिंगाने दिसते. हवा फार दमट असेल तर पराग चिकटतो व झडत नाही. शेडनेटमध्ये वारा कमी असतो, तिथे सकाळी तारा किंवा झाडे हलवावीत. फुलोऱ्यात सकाळची कीटकनाशक फवारणी टाळावी.

पराग चांगला, कुक्षीवर पोहोचतो, तरी बी कमी : परागनलिकेच्या वाढीला बोरॉन लागते. आधी माती किंवा देठ परीक्षण करावे आणि कमतरता आढळल्यासच शिफारशीच्या मात्रेत बोरॉन द्यावे. जास्त झाल्यास बोरॉन पिकाला बाधते.

कण वेडेवाकडे, लहान-मोठे : उष्णतेशिवाय आनुवंशिक दोष किंवा तणनाशकाचा वारा हीही कारणे असू शकतात. शेजारच्या शेतातून उडालेल्या २,४-डी ला टोमॅटो अतिशय संवेदनशील आहे. पाने दोरीसारखी अरुंद झाली आहेत का, पाहावे.

बियाण्याची तक्रार करायची असल्यास

एकट्या 'सेम' फोटोवरून बियाणे सदोष ठरत नाही. पोकळ पराग उष्णतेनेही होतो आणि फोटोवरून कारण ओळखता येत नाही. तक्रारीला बळ येते ते तुलनेने : त्याच लॉटचे बियाणे दुसऱ्या शेतात कसे आले, त्याच शेतात, त्याच तारखेला लावलेला दुसरा वाण कसा आहे आणि तापमानाची नोंद काय सांगते. पीक शेतात उभे असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, म्हणजे पाहणी व पंचनामा होऊ शकतो. पिशवी, लेबल व पक्के बिल जपून ठेवावे. पीक उपटून टाकल्यावर आणलेला अहवाल कितीही चांगला असला तरी फारसा कामी येत नाही. याच कारणाने नमुना पाहणीच्या वेळी, इतरांच्या समक्ष घेऊन पाकीट बंद केलेले चांगले.

तपासणी कुठे होते?

आयआयटी मुंबईतील सॅफ या अत्याधुनिक उपकरण सुविधेत बाहेरच्या संस्थांच्या नमुन्यांसाठीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उपलब्ध असतात. देशभरातील अशा उपकरणांची यादी केंद्र शासनाच्या आय-स्टेम संकेतस्थळावर पाहता येते. मात्र उपकरण चालवणाऱ्याला पीक माहीत असेलच असे नाही. म्हणून कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांमार्फत नमुना पाठवावा आणि प्रश्न स्पष्ट लिहून द्यावा. "तपासून द्या" असे लिहिण्याऐवजी "दोन्ही नमुन्यांत पूर्ण चेपलेल्या कणांचे प्रमाण किती?" असे लिहावे. शुल्क, नमुन्याचे किमान प्रमाण व वेळ आधी विचारून घ्यावा.

थोडक्यात

• आधी रंग चाचणी व रुजवण चाचणी, गरज वाटली तरच 'सेम'.
• त्याच दिवशी उमललेले फूल, दव सुकल्यावर, फवारणीचा अंश नसलेले.
• त्रासलेल्या प्लॉटसोबत चांगल्या प्लॉटचा नमुना घ्यावाच.
• बटर पेपर, सिलिका जेल, पेन्सिलची नोंद. ओली फुले प्लॅस्टिकमध्ये बांधू नयेत.
• पंधरा दिवसांच्या तापमानाची नोंद नमुन्याइतकीच मोलाची.
• अहवालात फोटोसोबत मोजणी मागावी आणि पुढच्या फुलोऱ्याचे नियोजन त्यावर करावे.